शरीराच्या भागांचा मराठी तक्ता: दंड कुठे संपतो, पोट कुठे सुरू होतं?

तक्तेवाला

जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी आणि आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी भिंतीवर लावायचा तक्ता करायचा आहे. विषय साधा: माणसाच्या शरीराचे मुख्य भाग, मराठी नावांसह. डोकं, मान, धड, दोन हात, दोन पाय, इथवर काही अडत नाही. अडतंय ते सीमांवर.

पुस्तकातला 'आर्म' म्हणजे फक्त खांदा ते कोपर आणि 'लेग' म्हणजे फक्त गुडघा ते घोटा. मराठीत हात म्हटला की खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा आला, आणि पाय म्हटला की खुब्यापासून अंगठ्यापर्यंत. गुडघा ते घोटा या भागाला पुढून नडगी, मागून पोटरी. दोन्ही मिळून एक शब्द सापडत नाही. 'जांघ' लिहावं तर निम्मे लोक मांडी समजतात. छाती बाहेरून बरगड्यांपाशी संपते हे दिसतं, पण आत कुठे संपते? पोटाचे नऊ भाग करणाऱ्या रेषा नेमक्या कोणत्या हाडांवरून काढायच्या? आणि 'कंबर' म्हणून बाण कुठे दाखवायचा? ज्यांना पक्कं ठाऊक आहे त्यांनीच लिहा, कारण तक्ता एकदा छापला की चूक पाच वर्षं भिंतीवर राहते.

शारीर_शिक्षक

आधी चित्रातला माणूस कसा उभा आहे ते पाहा. तो ताठ, चेहरा समोर, हात बाजूला सैल, तळहात पुढे वळवलेले आणि पावलांची बोटं पुढे, असाच हवा. तळहात मांडीकडे वळलेले काढलेत तर हाताची पुढची-मागची बाजू सांगताना सगळा गोंधळ. तळहात पुढे असले की अंगठा बाहेरच्या बाजूला येतो आणि कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं समांतर राहतात. तळहात मागे वळवला की ती एकमेकांवर आडवी पडतात. आणि डावं-उजवं नेहमी चित्रातल्या माणसाचं, बघणाऱ्याचं नाही. यकृत 'उजवीकडे' म्हणून बघणाऱ्याच्या उजव्या बाजूला रंगवलेले तक्ते अजूनही पाहायला मिळतात.

आता शब्द. हातासाठी मराठी गरीब नाही. खांदा ते कोपर म्हणजे दंड, हा अचूक शब्द आहे, बिनधास्त वापरा. त्यात एकच हाड. कोपर ते मनगट यासाठी पुस्तकी शब्द 'अग्रबाहू', पण तो कुणाच्या तोंडी नाही. त्यामुळे तक्त्यात 'कोपर ते मनगट' असंच लिहा आणि बाजूला अग्रबाहू द्या. त्यात दोन हाडं. मनगटाची एक गंमत आहे. घड्याळ आपण मनगटावर बांधतो म्हणतो, ते खरं तर अग्रबाहूच्या शेवटच्या टोकावर असतं. मनगटाची ८ लहान हाडं तळहाताच्या बाजूने दिसणाऱ्या वळीच्या पुढे, तळव्याच्या जाड बुडाशी आहेत. बाण तिथे दाखवा.

पायाचं तसंच: मांडी, गुडघा, मग 'गुडघा ते घोटा', मग पाऊल. मधल्या भागाला बोलीत तंगडी म्हणतात, पण तक्त्यावर ती शोभणार नाही. नडगी आणि पोटरी हे दोन्ही शब्द ठेवा, फक्त ते त्या भागाची पुढची आणि मागची बाजू आहेत हे चित्रात दिसू द्या. घोट्याचे दोन उंचवटे दाखवाल तेव्हा बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा किंचित खाली काढा. तो वेगळ्या हाडाचा, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचा आहे.

जांघेबद्दलची शंका रास्त आहे, आणि घोळ तिहेरी आहे. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघा ते घोटा. आयुर्वेदाच्या पुस्तकांत जंघा हा शब्द त्याच अर्थाने येतो. हिंदीत जांघ म्हणजे मांडी. मराठीत जांघ म्हणजे पोट आणि मांडी जिथे मिळतात ती घडी, जिथे अवधाण (सुजलेली गाठ) येते. एकच शब्द तीन मजल्यांवर राहतो. मराठी तक्त्यात मराठी अर्थच धरा आणि जांघेची रेषा काढून दाखवा: कमरेच्या हाडाचं पुढचं टोक हाताला लागतं, तिथपासून तिरकी खाली मधल्या जघनास्थीपर्यंत (ओटीपोटाच्या तळाशी पुढे लागणाऱ्या हाडापर्यंत). रेषेच्या वर पोट, खाली मांडी.

वॉर्डसिस्टर

वरच्या प्रतिसादातल्या दंडाच्या मुद्द्याला जोड. दंड म्हटलं की मुली मधोमध सुई धरतात, हीच चूक होते. स्नायूतलं इंजेक्शन दंडाच्या वरच्या भागात द्यायचं. खांद्याच्या टोकाचं हाड बोटाने शोधा, त्याखाली दोन ते तीन बोटं सोडा, तिथे स्नायूचा जाड भाग मिळतो. औषध १ मिलिलिटरच्या आसपास. फार वर गेलात तर सुई सांध्याच्या आवरणात जाते आणि खांदा महिनोन्‌महिने दुखतो. दंडाच्या मध्यावर मागच्या बाजूने एक नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) हाडाला चिकटून वळते; तिला इजा झाली तर मनगट उचलता येत नाही, पंजा लोंबकळतो.

बालकांच्या लसीकरणात तर भागाचं नाव म्हणजे नोंदच असते. बीसीजी (क्षयाची लस) डाव्या दंडावर वरच्या बाजूला, त्वचेच्या थरात: एक महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिलि, त्यानंतर ०.१ मिलि. गोवर-रुबेला उजव्या दंडावर, त्वचेखाली, ०.५ मिलि. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) डाव्या मांडीच्या मध्यावर, पुढच्या-बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ०.५ मिलि. 'मांडीवर' एवढंच लिहिलं की कुणी वरून, कुणी आतून देतं. आतल्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. म्हणून तक्त्यात मांडीचे वरचा, मधला, खालचा असे तीन भाग करून मधल्याचा बाहेरचा अर्धा रंगवा.

मोठ्यांच्या ढुंगणावरच्या इंजेक्शनसाठी भागाची सीमाच चुकते. मुली फुगीर दिसणारा भाग म्हणजे ढुंगण धरतात आणि त्याचा वरचा-बाहेरचा चतुर्थांश काढतात. तो खूप खाली येतो, आणि पायाची मोठी नस तिथून जवळ आहे. शारीररचनेत हा भाग वर कमरेच्या हाडाच्या कडेपासून सुरू होतो आणि खाली ढुंगण-मांडीच्या घडीपर्यंत जातो. पूर्ण उघडं करून, कड हाताने चाचपून मग चार भाग करायचे. त्याहून सुरक्षित जागा कुशीकडची: रुग्णाच्या डाव्या बाजूसाठी आपला उजवा तळहात मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवा, तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर, मधलं बोट कडेच्या दिशेने फाकवा. दोन बोटांमधल्या त्रिकोणात सुई. तिथे मोठी नस नाही.

पोटाचा_डॉक्टर

छाती आत कुठे संपते याचं उत्तर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा. बाहेरून बघणाऱ्याला छाती बरगड्यांच्या शेवटच्या कडेपर्यंत वाटते, पण श्वासपटल घुमटासारखं वर उचललेलं असतं. श्वास पूर्ण सोडला की उजवा घुमट पाचव्या बरगडीच्या पातळीला पोहोचतो, डावा जरा खाली. पुरुषात स्तनाग्र साधारण बरगड्यांमधल्या चौथ्या फटीवर असतं. म्हणजे स्तनाग्राच्या थोडं खालीच आत पोट सुरू झालेलं असतं. यकृत, पाणथरी (प्लीहा), जठराचा वरचा भाग हे सगळं बरगड्यांच्या पिंजऱ्यात राहतं, पण पोटाच्या पोकळीत. पाणथरी डाव्या बाजूला मागे नवव्या ते अकराव्या बरगडीमागे असते, निरोगी माणसात हाताला लागत नाही. म्हणून डाव्या खालच्या बरगड्यांवर मार लागला की 'छातीला लागलंय' असं लिहून सोडायचं नाही. पाणथरी फाटली असेल तर रक्त पोटात साठतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. तक्त्यात श्वासपटलाची कमान तुटक रेषेने बरगड्यांवर काढा. एवढी एक रेषा शंभर शब्दांचं काम करते.

वरच्या टोकालाही असंच आहे. फुप्फुसाची टोकं गळपट्टीच्या हाडाच्या वर अडीच सेंटिमीटरच्या आसपास मानेत घुसलेली असतात. मानेच्या बुडाशी वार झाला तर छातीचाही विचार करायचा.

बरगड्या मोजताना पहिली शोधू नका, ती गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असते. गळ्याच्या खळीपासून छातीच्या हाडावर बोट खाली सरकवा. सुमारे ५ सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागतो. तिथे जी बरगडी चिकटते ती दुसरी. तिच्या खालची फट दुसरी फट. इसीजीच्या छातीवरच्या पट्ट्या याच मोजणीवर बसतात: पहिल्या दोन चौथ्या फटीत छातीच्या हाडाच्या उजव्या आणि डाव्या कडेला, चौथी पाचव्या फटीत गळपट्टीच्या मध्यावरून खाली काढलेल्या रेषेवर. मोजणी एका बरगडीने चुकली तर कागदावर नसलेला आजार दिसतो.

आता नऊ भाग. दोन उभ्या रेषा: गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली जांघेच्या मध्यापर्यंत. दोन आडव्या रेषा: वरची दोन्ही बाजूंच्या बरगड्यांच्या सगळ्यात खालच्या कडेवरून, म्हणजे दहाव्या बरगडीखालून, खालची कमरेच्या हाडाच्या कडेवरच्या दोन उंचवट्यांवरून. हे उंचवटे पुढच्या टोकापासून सुमारे ५ सेंटिमीटर मागे हाताला लागतात. पाठीच्या मणक्यांच्या भाषेत वरची रेषा कमरेच्या तिसऱ्या मणक्याशी, खालची पाचव्याशी. काही पुस्तकं वरची रेषा आणखी वर, कमरेच्या पहिल्या मणक्याच्या पातळीवर काढतात: गळ्याची खळी आणि जघनास्थीची वरची कड यांच्या बरोबर मधोमध. दोन्ही चालतात, पण एकाच तक्त्यात दोन्ही मिसळू नका. आकृती एका पुस्तकाची आणि मजकूर दुसऱ्याचा असला की मुलांची परीक्षेत पंचाईत होते.

नावं मराठीत अशी ठेवता येतील. वरच्या ओळीत उजवी बरगडीखालची बाजू, मधली खळगी, डावी बरगडीखालची बाजू. मधल्या ओळीत उजवी कूस, बेंबीभोवतीचा भाग, डावी कूस. खालच्या ओळीत उजवी जांघेवरची बाजू, ओटीपोट, डावी जांघेवरची बाजू. कूस हा शब्द फार बरा आहे, लोक कुशीवर झोपतातच.

तक्तेवाला

श्वासपटलाची तुटक रेषा घेतली. एक विचारतो: वॉर्डात चार भागच वापरतात, मग नऊ शिकवायचे कशाला? आणि बेंबी ही खूण किती भरवशाची?

पोटाचा_डॉक्टर

चार भाग झटपट बोलण्यासाठी, नऊ नेमकं लिहिण्यासाठी. आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) सुजेचं उदाहरण घ्या. दुखणं आधी बेंबीभोवती मोघम असतं, काही तासांनी उजव्या जांघेच्या वर एका जागी बसतं. चार भागांत पहिलं दुखणं कुठे लिहिणार? चारही खण बेंबीपाशीच मिळतात. नऊ भागांत ते मधल्या खणात लिहिता येतं, आणि सरकलं हे नोंदीतूनच कळतं. सरकण्याचं कारणही भागांशी निगडित आहे. आंत्रपुच्छाच्या नसा आणि बेंबीच्या त्वचेच्या नसा पाठीच्या दहाव्या मज्जातंतूशी एकत्र येतात, म्हणून मेंदूला सुरुवातीला जागा बेंबीची वाटते. सूज पोटाच्या अस्तराला लागली की अस्तराच्या नसा खरी जागा सांगतात. ती जागा, बेंबी ते कमरेच्या हाडाचं पुढचं टोक या रेषेवर टोकाकडून एक तृतीयांश अंतरावर, १८८९ मध्ये मॅकबर्नी यांनी वर्णिली आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

बेंबी सडपातळ, निजलेल्या माणसात कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीला असते. पोट सुटलेलं असलं, गरोदरपण असलं की ती हलते. हाडं हलत नाहीत, म्हणून रेषा हाडांवरून.

खांदा_गुडघा_फिजिओ

कंबर माझ्याकडे. बोलीत कंबर म्हणजे कपड्याची नाडी जिथे बसते तिथपासून जवळजवळ ढुंगणापर्यंत काहीही. शारीररचनेत शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडाच्या कडेपर्यंत. त्यात ५ मणके. त्याच्या वर पाठ, १२ मणके, खाली त्रिकोणी हाड, ५ मणके एकमेकांना जोडलेले, शेवटी माकडहाड. मानेचे ७. हे सगळं तक्त्याच्या मागच्या बाजूच्या आकृतीत मावतं.

मणके मोजायला त्वचेवरच्या खुणा द्या, नुसती नावं नकोत. मान पुढे वाकवली की बुडाशी सगळ्यात उठून दिसतो तो बहुतेकदा मानेचा सातवा. हात बाजूला सैल असताना खवाट्याचं (खांद्यामागच्या पसरट हाडाचं) खालचं टोक पाठीच्या सातव्या मणक्याच्या पातळीला. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडाच्या सगळ्यात उंच जागा जोडणारी रेषा चौथ्या कमरेच्या मणक्यावरून जाते. पाठीतून पाणी काढताना हीच खूण धरतात, कारण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्याशीच संपतो. ढुंगणाच्या वर ज्या दोन खळ्या दिसतात त्या त्रिकोणी हाडाच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीला.

रुग्ण 'कंबर धरली', 'उसण भरली' म्हणतो तेव्हा एका बोटाने जागा दाखवायला सांगा. तळहात ठेवला तर स्नायूंचं मोघम दुखणं असण्याकडे कल. एक बोट त्या खळीच्या जवळ टेकवलं तर त्रिकोणी हाड आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या सांध्याचा विचार करायचा. ही नुसती सुरुवात आहे, निदान नव्हे. मात्र बोट शेवटची बरगडी आणि कणा यांच्या कोपऱ्यात गेलं, ताप आहे, लघवीला जळजळ आहे, तर ते दुखणं कमरेचं नसून मूत्रपिंडाचं असू शकतं. मूत्रपिंडं त्या बरगडीच्या आड बसलेली आहेत.

खुबा हा सगळ्यात फसवा शब्द. लोक खुबा म्हणून ढुंगणाचा बाहेरचा भाग दाखवतात. खुब्याचा सांधा त्याहून पुढे आणि आत, जांघेच्या मध्याच्या मागे आहे. म्हणून तो बिघडला की बहुधा जांघेत दुखतं, आणि ढुंगणात दुखणारं पुष्कळदा कमरेतून आलेलं असतं. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत आलं आणि गुडघ्यात काही सापडलं नाही तर खुबा तपासलाच पाहिजे. दोन्हींना नस सामाईक आहे.

खांद्याचंही तेच. ओझं वाहतो ती जागा म्हणजे मान आणि खांदा यांच्या मधला उतार, तो मानेच्या स्नायूचा. सांधा त्याच्या बाहेर, दंडाच्या टोकाशी. तक्त्यात बाण सांध्यावर ठेवा. (पित्ताशय किंवा श्वासपटलाला त्रास झाला की उजव्या खांद्याच्या टोकाला दुखू शकतं. तिथे खांदा हलवून काही फरक पडत नाही, हीच खूण.)

वॉर्डसिस्टर

रुग्णाच्या तोंडचे शब्द एका बाजूच्या पट्टीत द्या, आशाताईंना तेच उपयोगी. मान, गळा, घसा हे तीन वेगळे: मान म्हणजे पूर्ण भाग, पण बोलताना बहुतेकदा मागची बाजू, गळा पुढची, घसा आतला. 'गळ्याला गाठ' आणि 'घशात गाठ' यांची तपासणी वेगळी. 'काळजापाशी दुखतंय' म्हणणारा बहुधा बरगड्यांच्या कमानीखालची खळगी दाखवतो. ते आम्लपित्तही असेल आणि हृदयविकारही, म्हणून शब्दावर न जाता घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ विचारा आणि इसीजी काढून घ्या. काखमांजरी म्हणजे काखेतली गाठ किंवा गळू; बाई असेल तर तिथून स्तनही तपासायचा, कारण स्तनाचा एक शेपटासारखा भाग काखेत जातो.

'खाली दुखतंय' यात ओटीपोट, योनी, लघवीची जागा, संडासची जागा काहीही असू शकतं. या भागाला तक्त्यात लाजून गाळू नका. पुढे जघनास्थी, मागे माकडहाड, दोन बाजूंना आपण ज्यावर बसतो ती हाडं, असा हिऱ्याच्या आकाराचा भाग आहे. बाळंतपणात फाटतं ते इथेच, आणि नाव नसलेल्या भागाची नोंद कुणी करत नाही.

तक्तेवाला

सगळं मिळालं. तळाशी जळित रुग्णांसाठी नऊचा नियम, म्हणजे शरीराचा किती टक्के भाग भाजला ते मोजायची रीत, छापावा म्हणतोय: डोकं-मान ९ टक्के, प्रत्येक हात ९, धडाची पुढची बाजू १८, मागची १८, प्रत्येक पाय १८, गुप्तांगाचा भाग १. बेरीज बरोबर १०० येते.

शारीर_शिक्षक

छापा, पण त्याखाली 'फक्त मोठ्यांसाठी' असं ठळक लिहा आणि शेजारी बाळाची वेगळी आकृती काढा. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथा हिस्सा असतं, मोठ्याचं साधारण आठवा. वर्षाच्या बाळात डोकं-मान १८ टक्के आणि प्रत्येक पाय १४ धरतात. मोठ्यांचा आकडा बाळाला लावला की डोकं भाजलेल्या बाळाचं क्षेत्र निम्मं मोजलं जातं आणि त्यावरून ठरणारं सलाईन कमी पडतं. विखुरलेल्या डागांसाठी रुग्णाचाच तळहात बोटांसकट सुमारे १ टक्का धरा, आपला नाही. नुसती लाल झालेली, फोड न आलेली कातडी मोजायची नाही. आणि बाळाच्या आकृतीत मोठ्या माणसाचं चित्र बारीक करून टाकू नका, छापखाना हमखास तेच करतो.